तिजोरीत राहिलेला माणूस

एक सांगा मला, सिनेमा कसा आहे हे ठरवताना विश्वास कुणावर ठेवायचा? ज्यानं तो खपून बनवला त्याच्यावर, की ज्यानं खुर्चीत बसून तो पाहिला त्याच्यावर? माझं उत्तर पस्तीस वर्षं ठरलेलं होतं. मुकुंदवाडीत माझं गाद्या-उशांचं दुकान आहे. शाळा सातवीपर्यंत झाली, पुढचं शिक्षण गिऱ्हाइकांनी दिलं, आणि त्यातला पहिला धडा असा की गादी कशी आहे हे शिवणाऱ्याला विचारू नये, तिच्यावर झोपणाऱ्याला विचारावं. एकदा एका मास्तरीणबाईंनी नवी कोरी गादी परत आणली. म्हणाल्या, हिच्यावर झोपलं की दुसऱ्याच कुणाची तरी स्वप्नं पडतात. मी वाद घातला नाही, गादी बदलून दिली. बाई अजून माझ्याकडूनच घेतात. परत आलेली गादी मी त्यांच्याच शेजाऱ्यांना विकली आणि त्यांची काही तक्रार आली नाही. स्वप्नं बहुधा त्यांचीच असावीत.

माझ्या दुकानाला लागून अन्सारभाईंचं टायरचं दुकान. तीस वर्षं आमची भिंत एक आणि चहावाला एक. त्यांचा थोरला मुलगा झीशान टायरजवळ गेला की शिंकायला लागतो आणि कॅमेरा हातात आला की त्याच्या शिंका थांबतात. या पोरानं सव्वा वर्ष खपून, मित्रांना गोळा करून एक सिनेमा बनवला, ‘गोव्याचा गल्ला’. पाच चोर गोव्याच्या एका कॅसिनोवर दरोडा घालतात, अशी गोष्ट. गोवा परवडण्यासारखं नव्हतं, म्हणून कॅसिनो माझ्या गोदामात उभा राहिला. प्लास्टिकची दोन नारळाची झाडं, जुगाराच्या चक्रासाठी टेबलावर उताणा बसवलेला छताचा पंखा, पैज लावायला कॅरमच्या सोंगट्या, आणि पत्ते वाटायला इंग्रजी शिकवणीच्या उजमा मॅडम, ज्या चोरांना ‘सिट डाउन’ म्हणायच्या आणि चोर गोष्ट विसरून खरोखर खाली बसायचे. कडुबा सुतारानं प्लायवूडची तिजोरी केली, खोलीएवढी, वरून चंदेरी रंग. नोटांची पोती माझ्याच कापसानं भरलेली होती, त्यामुळं चोर ती उचलताना आधी कंबर धरून कण्हायचे आणि मग चुकून एका हातानं फेकायचे.

अन्सारभाईंनी आम्हां दोघांना, मला आणि झीशानला, समोर बसवून एकच अट घातली.

“तीन रविवार लोकांना दाखवू. तिसऱ्या रविवारी निम्म्याहून जास्त लोकांनी ‘पुन्हा बघीन’ असं लिहून दिलं, तर हा मोकळा, जाऊ दे पुण्याला, हा म्हणतो त्या स्टुडिओत कामाला. नाय तर सोमवारी सकाळी नवाला टायरवर. आणि मोजणार तुम्ही, शेटजी.”

“मीच का?”

“तुमची जबान गोड आहे, पण माप कडू आहे. म्हणून.”

“चाचा मोजणार असतील तर मंजूर,” झीशान म्हणाला आणि दोनदा शिंकला.

स्टेशनाजवळचं एक मंगल कार्यालय लग्न नसेल त्या रविवारी सकाळी मिळायचं. ऐंशी खुर्च्या. प्रत्येकाला आत जाताना माझ्या दुकानाचा शिक्का मारलेली एक कोरी चिठ्ठी द्यायची आणि बाहेर येताना लिहिलेली परत घ्यायची, ही पद्धत मी घालून दिली. पहिल्या रविवारच्या चिठ्ठ्या वाचताना मी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. ‘गोव्यात सगळ्या गाड्या आपल्या एमएच वीसच्या कशा?’ ‘हिरोची मिशी इंटरव्हलनंतर दाट झाली, तेल कोणतं?’ ‘मालक मेल्यावर त्याच्या नाकावर माशी बसते आणि तो तिला हाकलतो.’ ‘चोर माडीवरून उडी मारतात ती गादी उत्तम, कुठं मिळेल?’ एका म्हाताऱ्या गृहस्थांनी ‘पंखा चांगला’ एवढंच लिहून खाली लफ्फेदार सही केली होती. आणि एक चिठ्ठी अशी: ‘बाकी ठीक, पण तिजोरीत बसलेल्या माणसाचं पुढं काय झालं ते दाखवलं नाही.’

“तिजोरीत कुणी माणूसच नाही,” झीशान म्हणाला. “पाच चोर जातात, पोती उचलतात, पाचवा लाथेनं दार लोटतो. संपलं.”

“एखाद्याला डुलकी लागली असेल,” मी म्हणालो, आणि विषय संपला असं आम्हां दोघांनाही वाटलं.

दुसऱ्या रविवारी तशा चिठ्ठ्या एकोणपन्नास निघाल्या. अक्षरं वेगळी, शाया वेगळ्या, एक तर चक्क उर्दूत, आणि माणूस मात्र तोच. ‘बदामी सफारीवाला कोपऱ्यात स्टुलावर बसलेला असताना त्याच्यासमोर दार लावलं, हे कसले हिरो?’ ‘त्याच्या मांडीवर घडी केलेला टॉवेल होता. घरी कुणीतरी वाट बघत असेल.’ ‘माणूस ओरडतसुद्धा नाही, त्यामुळं जास्त वाईट वाटतं. पुन्हा बघवणार नाही.’ शेवटचं वाक्य कमीजास्त फरकानं त्या एकोणपन्नासही चिठ्ठ्यांवर होतं. मिशी, माशी, गाड्यांच्या पाट्या हे सगळं लोकांनी हसून माफ केलं होतं; या एका माणसापायी झीशान टायरच्या दुकानात जाणार हे मला दिसत होतं, आणि त्यालाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात बसून आम्ही तो प्रसंग त्याच्या लॅपटॉपवर सात वेळा पाहिला. चोर, पोती, लाथ, दार. कोपऱ्यात चंदेरी रंगाचा एक ओघळ तेवढा होता. उशांचे अभ्रे शिवणारी आमची साळूबाई पाणी द्यायला आली होती. तिला मी काहीही न सांगता म्हणालो, “साळूबाई, जरा बघा बरं, कसं वाटतं.”

तिनं पदर सावरून पाहिलं आणि त्या ओघळावर सरळ बोट ठेवलं.

“ह्यो कोण हाय वं, शेटजी? लई गरीब दिसतोय. कवाधरनं बसलाय बिचारा.”

झीशाननं लॅपटॉप मिटला. साळूबाईला वाटलं, तिचं काही चुकलं. “म्या आपलं दिसलं ते सांगितलं,” ती म्हणाली आणि भांडं घेऊन गेली.

आता दुसरा कुणी असता तर मांत्रिकाकडं गेला असता. मी व्यापारी माणूस. गिऱ्हाइकाची तक्रार आली की ती खरी आहे का, हे मी तपासत बसत नाही. ती कशानं मिटेल तेवढं बघतो. लोकांना तो माणूस बाहेर आलेला हवा होता, तर त्याला बाहेर काढायचा. चोर पळून जातात त्यानंतर एक लहानसा प्रसंग घालायचा, तिजोरीचं दार उघडतं एवढाच. झीशान विचारात पडला.

“पण चाचा, बाहेर येणारा माणूस आणायचा कुठून? बदामी सफारी, तसलंच वय…”

“आत बसवताना आपण कुणाला मजुरी दिली होती का?”

“नाही.”

“मग निघतानाही तो आपला आपण निघेल.”

गुरुवारी चारच्या सुमारास आम्ही गोदामात जमलो. शूटिंग संपल्यापासून आठ महिने ती तिजोरी तशीच उभी होती. मोडून टाकायची मजुरी कुणी द्यायची यावर माझं आणि कडुबाचं एकमत होत नव्हतं. दमट हवेनं प्लायवूड फुगलं होतं. कडुबानं दोन्ही हातांनी खेचलं तेव्हा दार कुरकुरत उघडलं. आत धूळ होती, बोटभर, सगळीकडं सारखी. एका कोपऱ्यात तेवढा स्टुलाएवढा चौकोन स्वच्छ होता. झीशान कॅमेरा धरून दहा आकडे मोजत राहिला, मी श्वास धरून उभा राहिलो, आणि कडुबा दार धरल्या धरल्या किंचित बाजूला सरकला, जिन्यात कुणी समोरून आलं की आपण अंग चोरतो तसा.

“बाजूला का झालास?” मी विचारलं.

“कोण, मी?” कडुबा म्हणाला.

तिसऱ्या रविवारी मी स्वतः ऐंशी चिठ्ठ्यांवर शिक्के मारले आणि ऐंशी माणसं आत सोडून दार ओढून घेतलं. खेळ संपेपर्यंत बाहेरच्या बाकावरून उठलो नाही. आमच्याकडं माप मोजताना पहिल्याला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. लाभ, दोन, तीन. धान्याच्या मापाची ही रीत मी आयुष्यभर गाद्यांना लावली, त्या दिवशी माणसांना लावली. माणसं हसत, बोलत बाहेर येत होती. लाभपासून सुरू झालेली मोजणी एक्याऐंशीवर थांबली.

“चाचा, तुम्ही लाभनंतर दोन सोडून एकदम तीन म्हणालात,” झीशान म्हणाला. नवशिक्या मापाड्याची ही नेहमीची चूक आहे, त्यामुळं मला रागही आला नाही. पण चिठ्ठ्या मी टेबलावर दहादहाच्या गड्ड्या करून ठेवल्या होत्या. आठ गड्ड्या झाल्या आणि एक सुटी उरली. तिच्यावरही माझ्याच दुकानाचा शिक्का होता.

कोंडलेल्या माणसाबद्दल एकाचीही तक्रार नव्हती. ‘शेवटी त्याला सोडलं, बरं वाटलं.’ ‘टॉवेल झटकून निघतो ते फार आवडलं.’ तरीही लोक शेवटी लोकच. तक्रार मिटली की दुसरी सुचते, आणि या खेपेला मिशी पुन्हा वर आली होती. चाळीस जणांनी पुन्हा बघीन म्हटलं होतं, चाळीस जणांनी नाही म्हटलं होतं. सुटी चिठ्ठी मी सर्वांत शेवटी उलटली. निळ्या शाईत, टाकानं लिहावं तसं सावकाश, नीट अक्षर होतं.

‘पुन्हा बघीन. आता बाहेरून.’

अन्सारभाई समोर बसून माझ्या तोंडाकडं बघत होते. झीशान भिंतीला टेकून उभा होता, आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदाच तो शिंकत नव्हता. ती चिठ्ठी खिशात घालणं अगदी सोपं होतं. ऐंशी आत गेले म्हणजे अभिप्राय ऐंशी, त्यातले चाळीस म्हणजे निम्म्याहून जास्त नव्हेत, आणि सोमवारी नवाला टायर. पण लिहिणाऱ्यानं सिनेमा पाहिलाच नाही असं मी कोणत्या तोंडानं म्हणणार होतो? त्याच्याइतका जवळून तो कुणीच पाहिला नव्हता.

“एक्याऐंशीत एक्केचाळीस,” मी म्हणालो.

अन्सारभाईंनी वळून खुर्च्यांकडं पाहिलं. त्या ऐंशीच आहेत हे त्यांनाही ठाऊक होतं.

“तुम्ही मोजलं ना? मग हौ,” ते म्हणाले आणि पोराकडं न बघता पुढं बोलले, “जा मियाँ. अम्मीला सांग, कपडे काढून ठेव म्हणावं बॅगेत भरायला.”

झीशान पुण्याला गेला, तिथं रमला, आणि इकडं त्याचा सिनेमा लोक गावोगाव मागायला लागले. सोयगावच्या खेळाला त्याचा फोन आला म्हणून मीच दाराशी बसलो. आत साठ सोडले. बाहेर येताना मोजले, लाभपासून, सावकाश, प्रत्येकाच्या खांद्याकडं बघत. एकोणसाठ आले. आत जाऊन पाहिलं तर खुर्च्या रिकाम्या होत्या आणि एका खुर्चीखाली बायकी चपलांचा जोड होता, शेजारी शेजारी नीट काढून ठेवलेला. चिठ्ठ्या मी तिथंच उभ्यानं वाचल्या. सात जणांनी विचारलं होतं, तिजोरीत बसलेल्या बाईचं पुढं काय झालं.

कडुबाला मी त्याच आठवड्यात गोदामात नेलं. दार आपोआप लागलं होतं. आम्ही ते उघडलं, दहा आकडे मोजले, आणि या खेपेला कडुबा बाजूला सरकला नाही.

दौलताबादच्या खेळाला मी बसणार नाही. डोळ्यांना कमी दिसतं असं मी सगळ्यांना सांगितलंय, ते खोटं आहे. मोजणीच्या वहीत सोयगावच्या खेळापुढं आत साठ, बाहेर साठ असं मी माझ्या हातानं लिहिलं, म्हणून आता मला मोजायचा हक्क नाही. दाराशी आता तुम्ही बसा, ही वही घ्या. आत जाणारे मोजा, बाहेर येणारे मोजा, आणि कृपा करून हिशेब खरा ठेवा. कमी भरले तर कमी लिहा.