पंख वर केलेला चतुर

"तुमी मेलेल्या माणसाचीच तसबीर काढता, हे खरं हाय काय?"

प्रश्न सुभद्राचा एकटीचा नव्हता. शाळेतल्या साऱ्या पोरींच्या पोटात तो महिनाभर वळवळत होता, पण तसबीरवाल्याच्या दारात जाऊन विचारायची छाती एकीचीही नव्हती. "भल्ली शहाणी बनून राहिली ना तू, मंग विचारून दाखव," असं रंगाऱ्याची नसीमबानो म्हणाली, आणि असं म्हटल्यावर मागं सरेल तर ती खुशालराव कापूसवाल्यांची लेक कसली! आता नसीम आणि बाकीच्या तिघी गल्लीच्या कोपऱ्यावर तोंडात पदर कोंबून उभ्या होत्या, आणि सुभद्रा उंबऱ्याशी, पाटी छातीशी धरून, मान ताठ.

वामनराव तसबीरवाले रागावले नाहीत. त्यांनी आपली काळीकुट्ट बोटं फडक्याला पुसली. ती पुसून निघणारी नव्हतीच, तसबिरीच्या औषधानं नखांपर्यंत जळल्यासारखी झाली होती.

"मेलेला हलत नाही," ते म्हणाले. "जिवंत माणसाला दहा अंक मोजेपर्यंत बस म्हटलं तर तो नाक खाजवतो. त्याची मान या लोखंडी चिमट्यात धरावी लागते. मेलेलं गिऱ्हाईक फार समजूतदार, बाई."

कोपऱ्यावर पोरी किंचाळून पळाल्या. सुभद्रा पळाली नाही. तिला गंमत वाटली.

तिचं तेव्हा असंच होतं, सगळ्याची गंमत वाटायची. तेरावं लागलं होतं. मुलींच्या नव्या शाळेत दीड वर्ष काढून ती आता दुकानावरच्या पाट्या रस्त्यातून मोठ्यानं वाचत जायची, आणि बायका मागं वळून पाहायच्या. लग्न आठव्या वर्षीच झालेलं, सासर अकोल्याचं. पण सासऱ्यांनीच निरोप धाडला होता, पोरगी चार बुकं शिकते तर शिकू द्या, पाठवायची घाई नाही. दिवसच तसे होते. तिकडे अमेरिकेत गोरे गोऱ्यांशी लढत होते आणि इकडे वऱ्हाडात कापसाला सोन्याचा भाव आला होता. ज्यांच्या घरी कालपर्यंत धड भाकर नव्हती ते बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढवून अमरावतीच्या बाजारात मिरवत होते. त्यांनाच आपली छबी हवी होती, म्हणून वामनराव मुंबईहून आपला तसबिरी काढायचा डबा घेऊन इथं येऊन बसले होते.

त्यांची नजर सुभद्राच्या पाटीवर गेली. पाटीवर चतुर होता. चार पंख आडवे पसरलेले, शेपटीची काडी सरळ, डोळे डोक्यापेक्षा मोठे. अंबानाल्याच्या डबक्याशी बसून तिनं तो काढला होता. असे तिनं किती काढले आणि किती पुसले, याला गणती नव्हती.

"हे कोणी काढलं?"

"मीच."

वामनराव खाली बसले. अकोल्यात साहेबलोक प्रदर्शन मांडणार होते, कापूस, धान्य, हातकाम, आणि एका टेबलावर शाळांचं काम. एका साहेबाला इकडच्या किड्यांच्या तसबिरी हव्या होत्या. "मी चतुर धरायला गेलो. डब्यात तो नुसत्या धुरासारखा उमटतो, स्थिर बसतच नाही. तू मला चतुर आणून दे. मी तसबीर काढतो, रंग तू भर. खाली तुझं नाव, तुझ्या शाळेचं नाव. मी तुझ्या पंतोजींशी बोलतो."

सुभद्राची छाती हातभर फुगली. ती घरापर्यंत चालत गेली नाही, उडत गेली.

चतुर धरायचं गुपित तिला माहीत होतं. उजाडताना नाल्याकाठच्या गवतावर ते दवानं भिजून लटकलेले असतात. ऊन अंगाला लागेपर्यंत त्यांना उडता येत नाही. दोन बोटांनी पंख मिटवून अलगद उचलावे, इतके गरीब. पहाटे नसीमला उठवून ती गेली आणि टोपल्यात चौदा चतुर घेऊन आली. वर मलमलचा तुकडा बांधला. लाल होते, पिवळे होते, एक तर पंखांच्या मुळाशी निळा. मलमलखाली ते गरम होऊ लागले तसे फडफडू लागले.

"या अल्ला, ह्यायले सोडून दे वं," नसीम म्हणाली. "तसबिरीत त्यायचा रंग थोडीच येते? तसबीर तर काळीच असते."

"मी भरीन ना रंग! तू पाह्यजो."

आणि चौदाच्या चौदा चतुर तिनं आपल्या हातानं वामनरावांना नेऊन दिले. पुढं ती कितीदा तरी म्हणायची, टोपलं मी दिलं, माझ्या हातानं दिलं.

दोन दिवसांनी बोलावणं आलं.

दार उघडलं तसा घाणीचा भपकारा आला. एक वास औषधाचा, गोड, डोक्यात चढणारा. दुसरा त्याहून वाईट. भिंतीशी परातीत पांढरं, तार सुटणारं काहीतरी होतं आणि त्यात कागद तरंगत होता. कोपऱ्यात अंड्यांच्या टरफलांचा ढीग, त्यावर माशा.

"अंड्याचा पांढरा बलक," वामनराव म्हणाले. "कागदाला लावतो, म्हणजे तसबीर चकाकते. चार दिवस मुरलेला चांगला."

सुभद्राच्या घरात अंडं कधी आलं नव्हतं. तिनं पदर नाकाला लावला आणि नजर वळवली, ती जिथं वळवायला नको होती तिथं.

पाटावर तिचे चतुर होते. म्हणजे, होते असं म्हणायचं. पंख एकीकडे, धडं एकीकडे, पाय तोडून वेगळे. लाल रंग वाळून तपकिरी झाला होता, पिवळ्याचा मातकट. निळ्याचं नुसतं काळं फडकं. डोळे, जे नाल्यावर पाहताना काचेच्या मण्यांसारखे वाटायचे, ते आत बसून गढूळ झाले होते. मुंग्यांनी रांग धरली होती. आणि एका बाजूला सुटं पडलेलं एक डोकं, नुसतं डोकं, आपला जबडा हळूहळू हलवत होतं. काही चावत असल्यासारखं.

आंबट पाणी तोंडापर्यंत आलं आणि तिनं ते परत गिळलं.

"जित्तं हाय ते!"

"आज सकाळी औषधाच्या धुरात घातलेला आहे. हलतात थोडा वेळ. हे बघ, हे पाहायचं."

त्यांनी तसबीर पुढं धरली. कमळाच्या वाळक्या देठावर चतुर बसला होता. चारही पंख उंच वर उभे, एकमेकांना टेकलेले, पाहणाऱ्याला वाटावं आता नमस्कार करणार. देठाशी डिंकाचा थेंब चमकत होता.

तिला कळायला क्षणभर वेळ लागला, आणि कळलं तेव्हा अंगावर पाल पडल्यासारखं झालं. धड एकाचं होतं, पंख दुसऱ्याचे. शिवाय मागचे रुंद पंख पुढं चिकटवलेले आणि पुढचे निमुळते मागं. असा जीव नाल्यावर नव्हता. कुठंच नव्हता.

"चतुर असा बसत नाई," ती म्हणाली. "तो पंख आडवे ठेवते. वर करतच नाई तो. फुलपाखरू करते. अन् पंख उलटे लावले तुमी."

"पंख मोडले, मग जुळवले. लोकांना वर केलेले आवडतात."

"पण बसत नाई ना तसा!"

"तसबिरीत बसला आहे," वामनराव हसले. त्यांनी ब्रश तिच्यापुढं ठेवला. शेजारी हिरवा, लाल, आणि शिंपलीत सोनेरी. "लाल रंग तसबिरीत काळाच पडतो, म्हणून तू हवी. सोनेरी मार भरपूर. तुझ्या पंतोजींनी अकोल्याला कळवलंही, आमच्या मुलीचं काम येतं आहे म्हणून. तुझ्या सासऱ्यांनाही पत्र गेलं."

आता खरी लाजेची गोष्ट. सुभद्रा ओरडली नाही. टोपलं फेकलं नाही. ती बसली आणि तिनं रंग भरला. सासऱ्यांना पत्र गेलं होतं, पंतोजींना शब्द दिला होता, आणि ब्रश खरोखरीचा, मऊ, केसांचा होता. तिनं जन्मात असा हातात धरला नव्हता. तिनं पंखांना सोनेरी दिला, धडाला लाल, डोळ्यांना हिरवा. बाजूला पाटावरचं ते डोकं केव्हातरी हलायचं थांबलं. रंग भरत असल्यामुळं, नेमकं कधी, तिला कळलं नाही. याचीच तिला पुढं सगळ्यात जास्त शिसारी आली.

घरी येऊन तिनं राखेनं हात घासले. मग मातीनं. मग पुन्हा राखेनं. माय म्हणाली, "कोन्या मसणात हात घालून आली वं?" सुभद्रानं भाकर तोंडाजवळ नेली आणि बोटांना अजून तो गोड वास होता. तिनं भाकर ताटात ठेवली.

आणि मग कौतुक सुरू झालं. बाप्पा रे, ते कौतुक! पंतोजी केशवराव घरी येऊन म्हणाले, "हुबेहूब! जणू आता उडेल." शेजारणी म्हणाल्या, किती नाजूक. वामनरावांनी एक प्रत खुशालरावांना भेट दिली, ती त्यांनी कापसाच्या दुकानात गादीच्या वर टांगली. येणारा प्रत्येक माणूस तोंड वर करून "वा!" म्हणायचा. त्यातल्या निम्म्यांच्या शेतात नाला होता. रोज सकाळी चतुर त्यांच्या डोक्यावरून जात होते. एकालाही दिसलं नाही! पैसा आल्यावर माणसाचे डोळे फक्त कापसाकडंच वळतात की काय, सुभद्राला कळेना.

फक्त नसीमनं तसबिरीकडं पाहिलं आणि नाक मुरडलं. "हे काय वं? कोंबडीले सोन्याचं झबलं घातल्यावानी. रंग तूनं देल्ला हा?"

"हो."

"थू," नसीम म्हणाली. एवढंच. आणि सुभद्राला बरं वाटलं, कोणीतरी तिच्या तोंडावर थुंकल्यासारखं बरं.

प्रदर्शनासाठी अकोल्याला निघायच्या आदल्या दिवशी ती बाबांना डबा द्यायला दुकानात गेली. एक गाडी उतरत होती. खुशालरावांची कीर्ती अशी की ते वरच्या कापसाकडं पाहातही नसत. बाही सारून हात कोपरापर्यंत गठ्ठ्यात खुपसायचे आणि आतलं मूठभर बाहेर काढायचे. आज मुठीत ओली सरकी आली, वाळू आली. गाडीवाला हात जोडू लागला.

"वरून चांदणं अन् आतून चिखल!" खुशालराव गरजले. "हे विलायतेले जाईन अन् लोकं म्हनतीन, वऱ्हाडातला माणूस असाच. घेऊन जा तुई गाडी. माझ्या दारात नोको."

आणि त्यांच्या डोक्यावर, भिंतीवर, सोनेरी पंख वर करून तो बसला होता. डबा तिनं गादीच्या कडेला ठेवला आणि ती घरी गेली.

रात्री खुशालराव घरी जेवायला बसले. माणिकबाई, म्हणजे माय, वाढत होती. उद्या बैलांच्या दमणीत काय काय न्यायचं याची बोलणी चालली होती. व्याह्यांना काय न्यायचं, तसबीर कोणत्या कापडात गुंडाळायची.

"बाबा," सुभद्रा म्हणाली, "ती तसबीर लबाडीची हाय."

तिनं सगळं सांगितलं. पंख, डिंक, दोन किड्यांचं एक. ब्रश आपण कसा घेतला तेही. डोक्याबद्दल सांगताना मायनं "जेवताना नोको वं माय" म्हणून कानावर हात ठेवले.

खुशालराव हसले. "अवं बयताडे, किडा हाय तो. कापूस नाई. त्याच्या पंखानं कोनाचं काय बिघडते?"

"आज तुमी गाडी परत धाडली."

"ती माझ्या नावावर गेली असती."

"अन् हे माझ्या नावावर चाललं, बाबा. खाली लिवलेलं हाय. सुभद्रा खुशालराव."

खुशालरावांनी हातातला घास ताटात ठेवला. मग ते हळू आवाजात म्हणाले, "पोरी, तुया सासरा तिथं चार लोकायले घेऊन येणार हाय. सुनेचं काम पाहाले. तिथं त्याची मान खाली गेली तर तो म्हनन, शिकवून हेच झालं काय. मंग शाळा खतम. दिवाळीच्या आंधी तुले घेऊन जाईन तो. हे समजते ना तुले?"

समजत होतं. ते समजत होतं म्हणूनच तर चार दिवस तिनं तोंड उघडलं नव्हतं. शाळा म्हणजे पाटी, पाट्या, मोठ्यानं वाचणं, नाल्यावरून उशिरा घरी येणं, सारं. पण बोटं तिनं नाकाजवळ नेली आणि तो वास अजून तिथंच होता.

"चूप बस तू," माय म्हणाली. "पंखाचं कोनी इचारत नाई. उगाच नाक वर करून बोलू नोको."

"नाई बसत चूप," सुभद्रा म्हणाली. "उद्या मी दमणीत बसते. अकोल्याले जाते. माझे सासरे अन् साहेब तसबिरीपुढं उभे राह्यले का मी सांगन, असा चतुर कुठंच नसते, हा डिंकानं जोडला, अन् सोनं मी लावलं. माझं नाव मी माझ्या हातानं खोडीन. मंग त्यायनं शाळा बंद केली तर करू द्या. मी सांगनच."