पत्र्यावरचे दोन पॅनल

माझ्या लेकानं, पप्पूनं, दिवाळीआधी पत्र्यावर दोन सोलर पॅनल बसवले आन वायर खाली पिंपातल्या रॉडला जोडली. "माय, तुझे गुडघे दुखतेत. आता सरपणाला हिंडू नको, गरम पाण्यानं आंघोळ कर," म्हनला. मला लई बरं वाटलं.

मग ऊसतोडीला निघायचा दिवस आला. तीस वर्षं मी फडावर जाते. आता कोयता झेपत न्हाई, पण फडाजवळच्या पाचटाच्या कोपीवर नातवंडं सांभाळते, भाकरी थापते. माझं गाठोडं ट्रकात चढवलं होतं. पप्पूनं ते खाली काढलं.

"तू इथंच राहा. घर बंद दिसलं तर कुणीबी पॅनल खोलून नेईल."

तवापासून मी हितं हाय. कपिलधारच्या जत्रेला गेले न्हाई, वडवणीच्या बाजाराला जात न्हाई. मी गेले तर पत्र्याकडं कोण बघणार? निम्मं गाव तर फडावर गेलंय. दुपारपर्यंत पिंपभर पाणी तापतं. मला एकटीला एक बादली पुरते. बाकीचं तसंच निवतं, दुसऱ्या दिवशी परत तापतं.

काल पप्पूचा कर्नाटकातनं फोन आला. मागं धाकटी नात रडत होती.

"माय, पॅनल हायेत ना जागेवर?"

मी गुडघे चोळत पत्र्याकडं बघितलं.

"हायेत," मी म्हनले. "आमी तिघंबी जागेवरच हाव."