गिरणीशेजारचं स्थळ

तिसगावात सूर्यभानची पिठाची गिरणी आणि गोजरबाईचं घर यांच्यामध्ये एकच भिंत होती. गिरणीचं ऑइल इंजिन सुरू झालं की घरातली भांडी थरथरायची आणि मायलेकी खुणांनी बोलायच्या.

एकाहत्तर सालच्या माघात गोजरबाईच्या राहीला बघायला राहुरीहून पाहुणे आले. मुलगा गोरक्ष साखर कारखान्यात फिटर होता. सोबत त्याचे वडील, काकासाहेब. नेमका बाजाराचा दिवस निघाला. गिरणीवर ही गर्दी! इंजिन बंद ठेवायची गोष्टच नव्हती.

काकासाहेबांनी मुलीला नाव विचारलं. तिनं सांगितलं. त्यांना ऐकू आलं ‘बाई’. बाई तर दिसतेच आहे, पण नाव काय, म्हणून त्यांनी पुन्हा विचारलं. राहीनं बेंबीच्या देठापासून नाव सांगितलं, तशी बाहेर गिरणीच्या रांगेतल्या कुणा दुसऱ्या राहीनं ‘ओ’ दिली. गोजरबाईनं पदरात तोंड लपवलं. हे स्थळ गेलं, असं राहीच्याही मनानं घेतलं.

गोरक्षला मात्र हसू आवरेना. तो उठला, भिंतीला तळवा लावून उभा राहिला आणि जवळ येऊन त्यानं राहीला विचारलं, दार लावलं की आवाज कमी होतो का?

“न्हाई,” राही म्हणाली. “दार लावून बघितलं, खिडकीला गोधडी टांगून बघितली. तेवढाच येतो. भितीला कान लावला की उलट जास्त. भितीतूनच येतोय तो.”

गोरक्ष तिच्याकडे बघतच राहिला. मग वडिलांना म्हणाला, “बरोबर बोलती ही. इंजिनाचा ओटा भितीला चिकटलेला असणार.”

चहा तसाच ठेवून तो गिरणीत गेला. ओटा खरंच भिंतीला धरून बांधलेला होता. तो फोडून लांब बांधू म्हटल्यावर सूर्यभान आधी फुरंगटला. पण दिवसभर ओरडून त्याचाही घसा बसायचा, कान गच्च व्हायचे. शेवटी तो तयार झाला.

पुढच्या सुट्टीला गोरक्ष हत्यारं घेऊन आला. त्यानं आणि सूर्यभाननं जुना ओटा फोडला, भिंतीपासून हातभर सोडून नवा बांधला आणि मधल्या फटीत काही पडू दिलं नाही. ओटा वाळल्यावर इंजिनाखाली ट्रकच्या जुन्या टायरचे तुकडे घातले. धूर सोडणारा पाइप गोजरबाईच्या अंगणाकडे तोंड करून होता. तो वळवून मागं पुरलेल्या पिंपात सोडला आणि पिंपात दगड भरले. अंगणाकडची गिरणीची खिडकी विटांनी बुजवायची, हे राहीनं सुचवलं. विटाही तिनंच वाहिल्या. गोरक्ष वीट घेताना दर वेळी काहीतरी विचारायचा आणि ती विटेबरोबर उत्तर द्यायची. गोजरबाई दारातून बघून न बघितल्यासारखं करायची.

इंजिन सुरू केलं तेव्हा राही घरात थांबली होती. भिंतीपलीकडे नुसती घरघर. आईनं चुलीपाशी हळूच काहीतरी म्हटलं आणि ते राहीला ऐकू आलं. दोघी एकमेकींकडे बघून हसत सुटल्या.

काकासाहेब पुन्हा आले आणि दुपारभर गप्पा मारून वैशाखातली तारीख धरून गेले.

पंचाईत झाली ती सूर्यभानची. गिरणी बंद आहे असं समजून बाया डबे घेऊन लांबूनच परत फिरायला लागल्या. मग तो पिठानं माखलेला तसाच रस्त्यावर यायचा आणि हात हलवून सांगायचा, “या, या, चालू हाय!”