हॉर्न का वाजत नव्हता

तिसऱ्या वळणावर समोरून दुधाचा टँकर आला, तिने हॉर्न दाबला आणि हॉर्न वाजलाच नाही. तिने तळहात रुतवून पुन्हा दाबला. गाडी मुकी ती मुकीच. टँकरवाल्याने ऐन वेळी करकचून ब्रेक मारला म्हणून दोन्ही गाड्यांमध्ये वीतभर जागा उरली. त्याने खिडकीतून डोकं बाहेर काढून काय शिव्या घातल्या ते तिला ऐकू आलं नाही. कानात नुसते ठोके पडत होते.

खालच्या गावातल्या दवाखान्यात ती नर्स होती. सकाळची पाळी संपवून ती दुपारी डोंगर चढून घरी यायची. सात वळणांचा रस्ता तिच्या ओळखीचा होता, पण त्या दिवशी उरलेली वळणं तिने रांगत रांगत घेतली. शेवटी एकदाची गाडी अंगणात उभी केली.

"हॉर्न गेला, बाबा," ती सासऱ्यांना म्हणाली. टँकरचं सांगताना मात्र तिने वीतभराचे दोन हात केले. उगाच कशाला घाबरवायचं.

सासरे बस डेपोत छत्तीस वर्षं होते, त्यातली शेवटची अकरा फोरमन म्हणून. निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली, पण गल्लीत त्यांना अजून फोरमनच म्हणत. हल्ली त्यांचे हात थरथरायचे. स्क्रू पकडला की निसटून पडायचा. म्हणून गाडीचं काही निघालं की डोकं त्यांचं आणि हात सुनेचे, अशी वाटणी ठरलेली होती. गाडीही त्यांचीच, त्यांच्या उमेदीतली.

"फ्यूज बघ आधी," फोरमन खुर्ची ओढून बॉनेटपाशी बसले.

फ्यूज ठीक होता. मग तिने बॅटरीपासून दोन वायरी थेट हॉर्नला लावल्या. पँ! भिंतीवरचं मांजर पलीकडच्या अंगणात पडलं.

"म्हणजे हॉर्नचा घसा शाबूत आहे," फोरमन म्हणाले. "आता हॉर्नला करंट सोडणारा रिले आहे ना, त्याची बारीक वायर काढ आणि बॉडीला टेकव."

पुन्हा पँ. रिलेही चांगला. मग तिने स्टिअरिंगच्या मधलं बटण उचकटलं, आतले पत्रे पॉलिश पेपरने घासून लख्ख केले. दाबलं, तर ढिम्म. शेवटी फोरमननी सांगितलं तसं तिने वायरचं एक टोक स्टिअरिंगच्या दांड्याला धरलं, दुसरं बॉडीला टेकवलं आणि बटण दाबलं. हॉर्न खणखणीत वाजला.

"सापडला चोर!" फोरमनचा चेहरा उजळला. "दांड्याला अर्थिंगच मिळत नाहीये. बटण दाबलं की करंट दांड्यातून खाली बॉडीत उतरला पाहिजे. वाटेत कुठेतरी तुटलंय."

"कुठे?"

"ते गाडीखाली शिरून बघावं लागेल. आज माझे गुडघे काही मला खाली जाऊ देणार नाहीत."

तेवढ्यात तिचा नवरा घाईघाईने बाहेर आला. त्यांची दहा वर्षांची मुलगी, टिकली, त्याच्यामागे. तिच्या दाताच्या तारा घट्ट करायला खालच्या गावात डॉक्टरांनी चारची वेळ दिली होती.

"झालं का? निघायला हवं."

"पाच मिनिटं थांब," फोरमन म्हणाले. त्यांनी सुनेला खणातून दारावरच्या बेलचं जुनं बटण आणायला सांगितलं. तिने ते डॅशबोर्डखाली, गिअरच्या वरच्या बाजूला बसवलं, रिलेची वायर तिथे आणली आणि दुसरी बॉडीला जोडली. टिकलीने बटण दाबलं. पँ!

"वा, घरात पाहुणे आल्यासारखं वाटतंय," नवरा हसला. बायको चावी घ्यायला पुढे झाली तर म्हणाला, "तू राहू दे. तुझे हात बघ, बाबांपेक्षा जास्त थरथरतायत."

गाडी कोपऱ्यावरून दिसेनाशी झाली. ती हातांवरचं ग्रीस पुसत राहिली. फोरमन मात्र खुर्चीतून उठले नाहीत. बोटांनी हवेत काहीतरी जुळवून बघत होते, ओठ हलत होते.

"काय झालं बाबा?"

"अगं, दांडा खाली जातो, तिथे रबराची एक जाड चकती असते. त्या चकतीने दांडा चाकं वळवणाऱ्या भागाला जोडलेला असतो. रबरातून करंट जात नाही, म्हणून चकतीवरून एक छोटी तारेची पट्टी टाकलेली असते. तीच तुटली असणार." ते थांबले. "पण ती पट्टी आपोआप तुटत नाही. रबर ताणलं गेल्याशिवाय, फाटल्याशिवाय तुटत नाही." मग त्यांनी अगदी हळू विचारलं, "हल्ली स्टिअरिंग सैल लागत होतं का तुला?"

 "दोन आठवडे झाले. मला वाटलं जुनी गाडी आहे, असायचंच."

फोरमन उठायला गेले आणि पुन्हा बसले. चेहरा पिठासारखा झाला होता. "फोन लाव त्याला. थांबव."

तिने लावला. संपर्क होऊ शकत नाही. पुन्हा लावला. तेच. डोंगरउतारावर फोन लागत नसे, हे दोघांनाही ठाऊक होतं. शेजारी शिवणकाम करणाऱ्या बाईंची स्कूटर दारात उभी होती. तिने किल्ली मागितली नाही, खिडकीतून हात घालून खिळ्यावरून काढून घेतली.

"मी येतो," फोरमन काठी शोधत होते.

"नको बाबा. तुम्हाला सांभाळत मला जोरात जाता येणार नाही."

पहिलं वळण. रस्ता मोकळा. कठड्यापाशी तिने वेग कमी केला आणि खाली दरीत डोकावली. झाडं, दगड, एक फुटका पिंप. बाकी काही नाही. देवा, काही नाही. दुसऱ्या वळणावर रस्त्यावर टायरच्या काळ्या रेघा दिसल्या आणि तिने थांबून वाकून बघितलं. रेघा जुन्या होत्या, त्यांच्यावर धूळ बसली होती.

तिसऱ्या वळणाच्या अलीकडे तिला खालून हॉर्न ऐकू आला. पँ पँ. तोच, आपलाच. वळण आलं की नवरा नव्या बटणाची हौस भागवत होता. म्हणजे गाडी चालू आहे. म्हणजे दोघं आहेत. ती वाऱ्यात मोठ्याने म्हणाली, "वाजव, वाजवत राहा." डोळ्यांना पाणी येत होतं ते वाऱ्याने की कशाने, कळत नव्हतं.

चौथं वळण तिला सगळ्यात भीतीचं वाटत होतं. ते डोंगराच्या नाकाडावरून जाणारं. तिथे चाकं वळली नाहीत तर समोर थेट दरी. पाचवं आत शिरणारं, सरळ गेलं तर कातळ. सहावं पुन्हा दरीचं. खालून हॉर्न एकदा वाजला, अगदी पुसट. मग वाजला नाही. ती थांबून ऐकू लागली. स्कूटरचं इंजिन बंद केलं. एक पक्षी ओरडत होता, पानं हलत होती. हॉर्न नाही.

आणि मग तो सुरू झाला आणि थांबेचना. एक लांबलचक, सपाट आवाज.

दवाखान्यात अपघाताची माणसं येत, तेव्हा आणणारे लोक हेच सांगत: हॉर्न वाजतच होता हो, डोकं स्टिअरिंगवर पडलेलं. तिला ते डोकं दिसलं. मागे थोडं विरळ झालेले केस दिसले. तिने किक मारली, स्कूटर सुरू होईना. दुसरी मारली. तिसरी मारताना मात्र तिचं डोकं एकदम थंड झालं. बटण स्टिअरिंगवर नाहीच. आपणच तर ते खाली, गिअरपाशी बसवलंय. तिथे कुणाचं डोकं पडून दाबलं जाणार नाही. तिथे बोट लागतं. कुणीतरी बोटाने दाबतंय!

चौथं वळण तिने कसं घेतलं ते तिला नंतर कधीच आठवलं नाही.

पाचव्या वळणावर गाडी कातळाला नाक लावून उभी होती. पुढचं एक चाक गटारात, बॉनेट दुमडलेलं, वाफ निघत होती. टिकली बटणावर अंगठा दाबून बसली होती, दुसऱ्या हाताने बापाचा शर्ट घट्ट धरून. ओठ फुटला होता, दाताच्या तारेला रक्त लागलं होतं. नवरा शुद्धीवर होता. मनगट छातीशी धरून तो एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, "मी फिरवलं गं. मी पूर्ण फिरवलं. चाकं वळलीच नाहीत."

"माहितीये मला," ती म्हणाली. आधी मुलीचे डोळे बघितले, मान बघितली, पोट दाबून बघितलं. मग नवऱ्याचं मनगट ओढणीने बांधलं. हात स्थिर होते. टिकलीला बटणावरून अंगठा काढायला सांगितलं तर ती काढेना. तिने एकेक बोट सोडवलं तेव्हा कुठे आवाज थांबला, आणि पोर रडायला लागली.

संध्याकाळी एका टेम्पोतून तिघं घरी आली. फोरमन अर्ध्या गल्लीपर्यंत काठी टेकत आले होते आणि एका पायरीवर बसले होते. त्यांनी नातीच्या तोंडावरून हात फिरवला, मुलाच्या गळ्यातल्या झोळीकडे बघितलं.

"छत्तीस वर्षं हेच शिकवलं पोरांना," ते म्हणाले. "का तुटलं ते कळल्याशिवाय गाडी सोडायची नाही. आणि घरची गाडी सोडली."

तिला त्यांचा राग आला होता. खाली उतरताना तर फार आला होता. तरी तिने त्यांचा दंड धरून त्यांना उठवलं. चार दिवस घरात ते दोघं कामापुरतंच बोलले. पाचव्या दिवशी गॅरेजवाल्याने फाटलेली चकती आणून दिली. रबर तेल लागून लागून मऊ पडलं होतं, ओल्या पुठ्ठ्यासारखं. फोरमननी ती हातात घेतली आणि ती निसटून पडली. तिने उचलून पुन्हा त्यांच्या हातात दिली आणि आपले हात त्यांच्या हातांखाली धरून ठेवले, त्यांचं बघून होईपर्यंत.

गाडी दुरुस्त होऊन आली. दवाखान्यात जायला दुसरी सोय नव्हती, त्यामुळे तीच चालवायची. भीती काही गेली नाही. रोज सकाळी ती आत बसते आणि स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवते. फोरमन गाडीसमोर काठी टेकून उभे राहतात, दोन्ही चाकांकडे बघतात.

"वळतायत का बाबा?"

"थांब. अजून एकदा फिरव."

ती पुन्हा फिरवते.