रिकामं उत्तर

बोगद्याच्या तोंडाशी पत्र्याची एक खोली होती आणि त्या खोलीत बसणाऱ्या माणसाला सगळे शंकासुर म्हणत. नाव त्याने स्वतःच ओढवून घेतलं होतं. कॉम्प्युटरवर डोंगराचा हिशेब ठेवणं हे त्याचं काम. पण घरातून निघताना कुलूप पुन्हा पुन्हा ओढून पाहणारा माणूस डोंगरावर काय विश्वास ठेवणार? एकदा वजाच्या चिन्हावरून घाबरून त्याने अख्खं काम बंद पाडलं होतं. चिन्ह त्याचंच चुकलेलं निघालं. तेव्हापासून तो दिसला की कोणीतरी वर बघून "पडतंय, पडतंय!" असं ओरडायचं.

हिशेब तसा साधा होता. बोगदा खणताना जिथे खडक ठिसूळ लागला तिथली नोंद ठेवायची: इतक्या मीटरपासून इतक्या मीटरपर्यंत. असे हजारो पट्टे, एकमेकांत घुसलेले, एकमेकांच्या पोटात बसलेले. साहेबांनी एखादी जागा विचारली की प्रोग्रॅमने तिथे येणारे पट्टे काढून द्यायचे. जुना प्रोग्रॅम एकेक पट्टा तपासत बसायचा. "अहो, याचं उत्तर येईपर्यंत मी रिटायर होईन," असं साहेब म्हणाले, म्हणून त्याने गेल्या आठवड्यात नवा लिहिला. पट्ट्यांची टोकं फांद्याफांद्यांच्या झाडासारखी रचली. नको त्या फांद्यांकडे बघायचंच नाही. उत्तर चुटकीसरशी.

आज साहेबांनी विचारलेली जागा अगदी अरुंद होती. जुन्या, पक्क्या झालेल्या बोगद्याच्या भिंतीत दार फोडून शेजारच्या बोगद्याला जोडायचं होतं. बाराशे दहा ते बाराशे चौदा मीटर. उत्तर आलं: काही नाही.

"वा! म्हणजे लोखंडासारखा खडक," म्हणत साहेब खुशीत निघून गेले. आणि ड्रिल घेऊन भिंत फोडायला आत गेला तो बारक्या, शंकासुराचा आतेभाऊ. अंगाने दाराएवढा, पण घरात बारक्याच.

तेव्हापासून शंकासुर ते उत्तर पुन्हा पुन्हा वाचत होता. कारण विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं. एवढ्या ठिसूळ डोंगरात 'काही नाही' हे उत्तर त्याला रुचत नव्हतं, इतकंच. नेहमीसारखं आपलंच मन आपल्याला खातंय, अशी त्याने स्वतःची समजूत घातली आणि विषय बदलावा म्हणून घरी फोन लावला.

"आत्या, नळवाला येऊन गेला का गं?"

"कुठला येतोय! सकाळपासून कडी वाजली नाही. कोणी आलं नाही, कोणी गेलं नाही."

"बरं. म्हणजे घरात कोणी नाही," स्क्रीनकडे बघत तो पुटपुटला.

"कोणी नाही? मेल्या, मग तुझ्याशी बोलतंय कोण, भूत? उठल्यापासून इथेच तर बसलेय मी! आणि बारक्याला सांग, डबा संपव म्हणावं."

फोन कानाशी तसाच राहिला.

कोणी आलं नाही, कोणी गेलं नाही. त्याचा प्रोग्रॅमही नेमकं तेवढंच विचारत होता. या चार मीटरांत एखादा पट्टा सुरू होतो का? एखादा संपतो का? जो आधीच सुरू झालाय आणि पुढे कुठेतरी संपणार आहे, जो त्या अख्ख्या जागेला पोटात घालून बसलाय, त्याच्याकडे कोणी बघितलंच नव्हतं. पट्टा जितका मोठा, तितका तो बिनबोभाट सुटणार.

त्याने जागा दोन्हीकडून शंभर मीटर वाढवली. झरझर ओळी आल्या. मधली एक: अकराशे साठ ते बाराशे सत्तर. शेरा: माती, पाणी, लोखंडी कमानी लावल्या.

त्या कमानींवरच भिंत उभी होती. आणि दार फोडायचं म्हणजे आधी कमानी कापायच्या.

त्याने साहेबांना फोन लावला. "साहेब, काम थांबवा. ती जागा कच्ची आहे."

"सकाळी तुम्हीच काही नाही म्हणालात!"

"चुकलो, साहेब."

"कधी चुकलात? तेव्हा की आता?"

"तेव्हा. बहुतेक."

"बहुतेक! अहो, मी शहरात मीटिंगला बसलोय. आतल्या फोनवर सांगा त्यांना."

आतला फोन वाजत राहिला. ड्रिलच्या आवाजात तो कोणाला ऐकू येणार!

शंकासुर बोगद्यात उजेड संपतो तिथवरच जात असे, त्याच्या पुढे कधीच नाही. आज भलत्याच कोणाचं तरी हेल्मेट डोक्यावर घालून तो धावत सुटला. हेल्मेट डोळ्यांवर येत होतं. दिवे दूरदूर होते. प्रत्येक दिव्याखाली जीवात जीव यायचा आणि पुढच्या काळोखात पुन्हा जायचा. डोक्यावरचा डोंगर त्याला मानेवर जाणवत होता. परत फिरावं, असं त्याला हरेक पावलाला वाटत होतं. मग ड्रिलचा आवाज आला, आणि तो आवाज थांबला तर काय, या भीतीने त्याचे पाय आणखी जोरात पडू लागले.

एक कमान कापून झाली होती. बारक्याने भिंतीला ड्रिल लावलं होतं. शंकासुराने मागून त्याचा दंड धरला.

"दादा? तू? आत?" बारक्याने ड्रिल बंद केलं.

शंकासुराला धाप लागली होती. बोलायला तोंड उघडलं, पण आवाज काही निघेना.

"पडतंय, पडतंय!" मागे उभे असलेले दोघे मजूर हसले.

बारक्या हसला नाही. "गप बसा रे. हा गच्चीवरून खालीसुद्धा बघत नाही, आणि इथवर आलाय. चला बाहेर."

"अरे, पण त्याने सांगितलं कुठे काय झालंय ते?"

"तो आलाय ना? बास."

तेवढ्यात ड्रिलच्या भोकातून तांबूस पाण्याची बारीक धार लागली. मग कोणी काही विचारलं नाही. हत्यारं तिथेच टाकून चौघे निघाले. थोडं पुढे गेल्यावर पाठीमागे पोतं ओतल्यासारखा आवाज झाला आणि बराच वेळ होत राहिला. मागे वळून पाहायची कोणाची छाती झाली नाही. दिवे एकदा मिणमिणले, तेव्हा मघाशी हसलेल्यांपैकी एकाने शंकासुराचा शर्ट पकडला.

बाहेरच्या उन्हात बारक्या मटकन खाली बसला. "आईला सांगू नकोस हं, दादा."

शंकासुराच्या खिशातला फोन वाजला. आत्याच होती. "मघाशी मध्येच गप्प झालास, बोलेनासच! डबा खाल्ला का त्याने?"

"खाईल," शंकासुर म्हणाला. "इथेच आहे तो."

मघाशी आत धरलेला बारक्याचा दंड अजून त्याच्या मुठीत होता. मूठ सोडावी असं त्याला वाटत होतं. पण बोटं ऐकत नव्हती.