शब्द लागला, शब्द नाही लागला

बंद पडलेल्या सिनेमागृहात पुन्हा गर्दी होऊ लागली, ती शब्दबाबांमुळे. खुर्च्या भरल्या की लोक भिंतीला टेकून उभे राहत आणि तेही जमेना तेव्हा जिन्यावर बसत. जिथे पडदा होता तिथे आता बाबा बसायचे. अंगारा नाही, धुपारा नाही, हवेतून काही काढणं नाही. रोगी रांगेने वर जाई, बाबा त्याच्या कानात एक वाक्य सांगत आणि रोगी डोळे पुसत खाली उतरे. ते वाक्य कुणालाही सांगायचं नाही, सांगितलं की शब्द उतरतो, एवढीच अट.

मग माईकवर अनुभव सुरू होत. "माझी कंबर धरली होती. बाबांनी जे सांगितलं, तेच रात्री घडलं!" एक गृहस्थ रडतच सांगत होते. टाळ्यांनी छप्पर उडायचं बाकी राहिलं.

मागच्या रांगेत कॉलेजात तर्कशास्त्र शिकवणाऱ्या बाई बसल्या होत्या. शहर त्यांना 'तर्काच्या बाई' म्हणे, आणि त्यात कौतुकापेक्षा चेष्टाच जास्त असे. "वाक्यात 'म्हणजे' आला की थांबा," असं त्या वर्गात नेहमी सांगत. "चोर घरात शिरतो तो या दारातून." मुलं हसत आणि परीक्षेपुरतं लिहून मोकळी होत.

आज मात्र त्या आल्या होत्या ताईसाठी. ताई त्यांच्याहून दहा-अकरा वर्षांनी मोठी. आई गेल्यावर लोकांची झबली-परकर शिवून तिनेच यांना वाढवलं, शिकवलं. ताईच्या छातीत गाठ निघाली होती. सर्जन म्हणाले होते, "लवकर सापडली आहे. ऑपरेशन करू, बहुतेक बऱ्या व्हाल." ताईने त्यातला 'बहुतेक' तेवढा उचलला आणि दुसऱ्याच दिवशी सिनेमागृह गाठलं.

"डॉक्टर बहुतेक म्हणाला. बाबा नक्की म्हणाले," ताईने शिलाई मशीनवरून मान वर न करता सांगितलं होतं. "आणि बाबा म्हणाले तसंच झालं बघ. रात्री दुखलं."

"त्यांनी नेमकं काय सांगितलं होतं?"

"ते नाही सांगायचं."

म्हणून बाई स्वतःच रांगेत उभ्या राहिल्या. अंगात काहीएक रोग नव्हता. "डोकं दुखतं," असं त्यांनी ठोकून दिलं. बाबा वाकले, डोळे मिटले आणि कानात पुटपुटले, "आज रात्री लक्ष ठेव. दुखलं, तर निघतंय समज. नाही दुखलं, तर निघालं समज."

बाई खाली उतरल्या नाहीत. सरळ माईककडे गेल्या.

"मला बाबांनी काय सांगितलं, ते मी सांगते. माझा शब्द उतरला तर उतरू दे, कारण मला रोगच नाही." आणि त्यांनी ते वाक्य जसंच्या तसं म्हटलं.

जो तो आपल्या मनाशी जपून ठेवलेलं गुपित सगळ्यांदेखत ऐकत होता. पुढच्या रांगेतून एक म्हातारी नकळत बोलून गेली, "अगं बाई, माझंही हेच!"

"सगळ्यांचं हेच आहे," बाई म्हणाल्या. "रात्री दुखलं तरी बाबा खरे, नाही दुखलं तरी बाबा खरे. तुम्ही मात्र घडलं तेवढं अर्धं लक्षात ठेवलंत आणि म्हणालात, बाबांनी आधीच सांगितलं होतं. हेच वाक्य मीही सांगू शकते. कोपऱ्यावरचा न्हावीसुद्धा सांगू शकतो."

कुणीतरी हसलं. क्षणभर बाईंना वाटलं, झालं, पडली भिंत. ताई तिसऱ्या रांगेत होती. बाईंनी तिच्याकडे पाहिलं, तर ताईने मान खाली घातली होती.

बाबा गडबडले नाहीत. मंद हसले. "सूर्य सगळ्यांना एकच ऊन देतो, बाळ. तुला वेगळं हवंय का?"

सुटका झाल्यासारखी टाळी पडली.

"सूर्य उगवला नाही तर आंधळ्यालाही कळतं, बाबा. तुमचा शब्द लागला नाही, हे कशावरून कळेल?"

"श्रद्धा उणी असेल त्याला लागत नाही."

"बरा झाला तर तुमचा शब्द, नाही झाला तर त्याचा दोष. मग तुम्ही चुकलात असं कधी ठरणार?"

याला उत्तर बाबांऐवजी त्यांच्या शेजारी बसलेल्या नगरसेवकांनी दिलं. त्यांनी माईक ओढून घेतला. "इथे बसलेली हजारो माणसं काय मूर्ख आहेत? बाबांवर शंका म्हणजे तुमचा अपमान! तुमचा अपमान म्हणजे या शहराचा अपमान!"

एका दमात दोन 'म्हणजे'. वर्गात असत्या तर बाईंनी फळ्यावर लिहून दाखवले असते. इथे दोन स्वयंसेवकांनी त्यांना दंडाला धरून दाराबाहेर पोचवलं, आणि आत पुन्हा रांग सरकू लागली.

घरी आल्यावर ताई पुन्हा मशीनवर बसली. मग म्हणाली, "तुझं बोलणं बरोबर असेल गं. तू शिकलेली."

"तुलाही कळलं ना ते? मग उद्या दवाखान्यात जाऊ."

"गेले, तर माझी श्रद्धा उणी ठरेल. मग गाठ नाही गेली तर माझ्यामुळेच नाही गेली, असं होईल."

"ताई, अगं त्यांनी तुला त्यात अडकवलंय!"

"अडकलेय खरी," ताई म्हणाली. "पण मला कापाकापीची भीती वाटते. बाबांकडे बसलं की वाटत नाही. एवढं तरी राहू दे."

बाईंनी पुस्तकं काढली, सर्जनना घरी आणलं, भांडल्या, जेवण सोडलं, हातापाया पडल्या. पालथ्या घड्यावर पाणी. युक्तिवादाला उत्तर देता येतं, भीतीला काय द्यायचं, ते त्यांना कुठल्याच पुस्तकात सापडेना. गाठ वाढत गेली. ताई दुखलं की म्हणे, "निघतंय." बधिर झालं की म्हणे, "निघालं."

शेवटी गाठ फुटून जखम झाली तेव्हा ती आपण होऊन म्हणाली, "चल." सर्जनांनी तपासलं, बाईंना बाहेर बोलावलं. "हाडात गेलंय. तेव्हा आल्या असत्या तर..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही.

ताई फार दिवस काढू शकली नाही. जाण्यापूर्वी एकदा तिने विचारलं, "माझी श्रद्धा खरंच कमी पडली का गं?" "नाही गं," एवढंच म्हणून बाई तिचे पाय दाबत राहिल्या.

सिनेमागृहात बाबांनी जाहीर केलं की घरातल्या शंकेने शब्द खाल्ला. सख्ख्या बहिणीनेच घात केला. चोर सोडून संन्याशाला फाशी! लोकांना ते पटलंसुद्धा. दूधवाला दार न वाजवता पिशवी ठेवून जाऊ लागला.

भेटायला आली ती एकटी शेजारीण. तिला फिट्स येत, वर्षानुवर्षं गोळ्या चालू होत्या. चहाचा कप हातात फिरवत ती म्हणाली, "बाबा म्हणतात, तुमच्या शंकेमुळे..."

"मी गप्प बसले असते आणि ताई तरीही गेली असती, तर बाबा काय म्हणाले असते?"

शेजारणीने विचार केला. "म्हणाले असते, तिचीच श्रद्धा कमी."

"आणि वाचली असती तर?"

"तर शब्द लागला म्हणाले असते." तिचा कप थांबला. "म्हणजे काहीही झालं तरी..."

"हो. काहीही झालं तरी. तुम्ही हवं तर जा तिथे, बसा, बरं वाटत असेल तर रोज बसा. फक्त गोळ्या बंद करू नका. त्या घेता तोवर फिट येत नाही आणि चुकल्या की येते, हे तुम्ही स्वतः पाहिलंय."

"गोळ्या घेतल्या तर शब्द लागत नाही, म्हणालेत." ती उठली. दाराशी जाऊन थांबली. "पटतं हो बाई तुमचं. अगदी पटतं. पण उद्या माझा नंबर आहे."

तिला अडवायला बाईंकडे आणखी एकही वाक्य उरलं नव्हतं. त्या दारात उभ्या राहून ती घरात शिरेपर्यंत पाहत राहिल्या.

तुम्हालाही कुणी असंच अडवू शकणार नाही. तेव्हा आपलं आपणच थांबावं. बाबा असो, पुढारी असो की आपलंच माणूस, 'नक्की' म्हणणाऱ्याला आधी विचारावं, की तुझं खोटं ठरलं हे मला कशावरून कळेल? उत्तर आलं नाही, तर त्याच्या हाती निदान आपला जीव तरी देऊ नये.