केकताडाला दांडा आला

पिंगळीच्या शिवारात, पारूबाईच्या बांधावर एक केकताड, म्हणजे घायपात, होतं. खाली माती कसली, नुसता मुरूम. पण पाऊस रुसला तरी त्याचं काही अडत नसे. जाड पानांत पाणी साठवायचं आणि टोकाचा काटा रोखून बसायचं, अगदी तिच्या नवऱ्यासारखं. वैजीनाथनंच ते लग्नाच्या वर्षी लावलं होतं. दर पोळ्याआधी खालची पानं ओढ्यात कुजवून, वाख काढून तो बैलांना कासरे वळायचा. तो जाऊन तीन वर्षं झाली. बैलही गेले. शेवटचा कासरा तेवढा खुंटीला राहिला.

यंदा दसऱ्याला केकताडाच्या मधून दांडा निघाला. रोज वीतभर चढत चढत घराहून उंच गेला, आणि फुलला.

"पारू, आता मरतंय बग ते," शेजारची बायनाबाई म्हणाली. "दांडा छाट. छाटलं की जगतंय."

केकताड जन्मात एकदाच फुलतं, हे पारूबाईला ठाऊक होतं. भावाच्या टोळीबरोबर ऊसतोडीला निघायच्या आदल्या दुपारी ती कुऱ्हाड घेऊन गेली. उन्हानं डोळे जड झाले. दांडा हळूहळू डुलत होता, वर मधमाश्या गुणगुणत होत्या. त्या गुणगुणीत तिला वैजीनाथ ऐकू आला, परभणीच्या दवाखान्यातला. "मला बांधावर घिऊन चल. एकडाव बघू दे."

"आधी बरे व्हा, मंग नेते," तेव्हा ती म्हणाली होती. जगवायच्या नादात तिनं त्याला नळ्यांत बांधून ठेवलं, आणि तो तिथंच गेला. ते तिला अजून जाळत होतं.

तिनं कुऱ्हाड टाकली. घरून कासरा आणला आणि वाऱ्यानं मोडू नये म्हणून दांडा बाभळीला बांधला.

"तुमी फुला मनासारखं," ती म्हणाली. "आता न्हाई अडवत."

गुढीपाडव्याला परतली तेव्हा केकताड मेलं होतं. पानं करडी पडून जमिनीला टेकली होती. पारूबाईला रडू फुटलं. निदान कासरा तरी न्यावा म्हणून तिनं गाठ ओढली. दांड्याला हिसका बसला, आणि तिच्या डोक्यावर, खांद्यावर टपटप काहीतरी पडू लागलं. फुलांच्या जागी पिलं धरली होती. बोटाएवढी, हिरवीगार, काहींना मुळंसुद्धा.

ती पदरात वेचू लागली. एकाचा काटा बोटात रुतला.

"एकाचे इतके झाले, पर सोभाव न्हाई गेला," ती म्हणाली, आणि डोळे पुसून टिकाव आणायला निघाली.